न डुगडुगणारं टेबल

"अरे, आमचं टेबल डुगडुगतंय!" समोरच्या काकूंनी दारात पाऊल टाकायच्या आतच तक्रार मांडली. "कप ठेवला की काच टकटक वाजते. परवा पाहुण्यांच्या मांडीवर चहा सांडला. आणि तुमच्या घरचं बघ, कसं ठाण मांडून बसलंय!"

तपासनीस गालातल्या गालात हसले. काकूंचं टेबल या गल्लीतलं पहिलं. ते त्यांनीच आणून दिलं होतं, आणि तेव्हा काकूंनी साऱ्या गल्लीला बोलावून ते दाखवलं होतं. लष्करी ट्रकच्या चाकाची जाडजूड लोखंडी रिम आडवी ठेवायची, हिरवा रंग मारायचा, वर गोल काच टाकायची, की झालं बैठकीच्या खोलीतलं टेबल. दिसायला रुबाबदार आणि मोडायची भीती नाही. ज्याच्या घरी ते असेल त्याच्याकडे आलेला माणूस हमखास विचारायचा, "हे कुठून मिळवलंत हो?" आणि घरमालक मान ताठ करून सांगायचा, "आपली ओळख आहे."

ती ओळख म्हणजे आमचे तपासनीस. गावाबाहेर लष्करी गाड्यांची मोठी कार्यशाळा होती. दूरवरून खिळखिळ्या झालेल्या गाड्या तिथे येत. त्यांची चाकं उतरवून तपासणीच्या शेडमध्ये ओळीने मांडली जात. हे चाक दुरुस्त होईल की मोडीत काढायचं, हे तपासनीसांनी ठरवायचं. दुरुस्तीसाठी पिवळा पट्टा, मोडीसाठी लाल फुली. लाल फुलीचं चाक कुणी पुन्हा वापरू नये म्हणून ते गॅसच्या ज्योतीने कापून टाकायचा नियम होता. पण एखाददुसरी रिम कापणीच्या शेडऐवजी फाटकाबाहेर गेली तर कोण बोलणार? फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या घरीसुद्धा एक टेबल होतंच की!

"काकू, तुमची रिम खरोखरच मोडीतली होती, कड वाकलेली," तपासनीस म्हणाले. "तेव्हा मला तरी कुठे कळत होतं? आता मी बघून आणतो. पुढच्या वेळी एकदम सरळ आणून देतो, पाणी ओतलंत तरी हलणार नाही."

काकू खूश होऊन गेल्या. आतल्या खोलीत तपासनीसांची बायको शिलाई मशीनवर बसली होती. गल्लीतले निम्मे कपडे तिच्याच हातचे. तिने मशीन थांबवलं आणि विचारलं, "अहो, एक सांगा. चाक सरळ असेल तर ते मोडीत कसं?"

"म्हणजे?"

"म्हणजे वाकडं असेल तर मोडीत. पण वाकड्याचं टेबल डुगडुगतं. आपलं डुगडुगत नाही. मग ते मोडीत कशाला निघालं?"

"तू आपली बाह्या आणि गळे बघ," तपासनीस हसत म्हणाले. "लोखंडातलं तुला काय कळतंय?"

बायकोने पुन्हा मशीन सुरू केलं. प्रश्न मात्र तिथेच राहिला, आणि वाचकहो, तो प्रश्न तुम्हीही लक्षात ठेवा.

गल्लीच्या टोकाला लष्करातला एक ड्रायव्हर त्याच्या आईबरोबर राहायचा. त्याचा आवाज इतका मोठा, की सारी गल्ली त्याला भोंगा म्हणायची. सुट्टीवर आला की दोन घरं आधीच कळायचं. "काका, चाकं ठीक आहेत ना?" तो कार्यशाळेत गाडी घेऊन आला की शेडच्या दारातूनच ओरडायचा, आणि तपासनीस हात वर करून सांगायचे, "बिनधास्त जा!"

एकदा त्याचा जुना ट्रक कार्यशाळेत आला, तेव्हा तो जरा लाजतच म्हणाला, "काका, आईला एक टेबल पाहिजे. पण बाजारचं नको. माझ्याच गाडीचं चाक मिळालं तर बरं. मी बाहेर असलो की तिला वाटेल, मी इथेच आहे."

असं कुणी मागितल्यावर नाही कसं म्हणणार? तपासनीस विरघळले. भोंग्याच्या ट्रकची चाकं समोर मांडलेली होती. त्यातल्या एकाच्या बोल्टच्या भोकापासून बारीक तडा गेला होता. केसाएवढा, पण हातोडीने ठोकलं की चाक बद्द वाजत होतं. ते मोडीतच काढायला हवं होतं. बोल्टच्या भोकाचा तडा जोडायचा नसतो, हे शिकाऊ पोरालाही पाठ असतं.

पण एक अडचण होती. एका गाडीमागे एकच चाक मोडीत काढायचं, अशी त्या कार्यशाळेतली जुनी वहिवाट होती. दुसरं काढलं की वरून विचारणा व्हायची, खुलासे द्यावे लागायचे. आणि तडा गेलेल्या चाकाची कडही वाकलेली होती. त्याचं टेबल डुगडुगलं असतं! भोंग्याच्या आईला डुगडुगणारं टेबल द्यायचं? छे!

तपासनीसांनी चांगल्या चाकावर लाल फुली मारली आणि तडकलेल्यावर पिवळा पट्टा ओढला.

वेल्डरने ते चाक उलटसुलट करून पाहिलं. "साहेब, तडा भोकाला आहे."

"भरून घे आणि घासून टाक."

"पण साहेब..."

"अरे, जवळपासच तर फिरणारी गाडी आहे. चालून जाईल!"

चालून जाईल! हे दोन शब्द तपासनीसांच्या तोंडात इतके बसले होते, की ते आपण कधी म्हणतो हे त्यांचं त्यांनाही कळत नसे. वेल्डरने खांदे उडवले, तडा भरला, वर हिरवा रंग चढला. भोंग्याच्या घरी टेबल आलं. त्याची आई त्या काचेवरून रोज मऊ फडकं फिरवायची.

मग एके दिवशी बातमी आली. डोंगराच्या उतारावर भोंग्याच्या ट्रकचं पुढचं चाक निखळलं. ट्रक कडेच्या खडकावर आदळला. भोंगा वाचला, पण त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

सारी गल्ली हळहळली. भोंगा इस्पितळातून घरी आला, तेव्हा तपासनीस बायकोसह भेटायला गेले. भोंगा पलंगावर पडून होता. त्याचा आवाज ऐकायला पुढे वाकावं लागत होतं. पलंगाशेजारी ते टेबल होतं, त्यावर औषधाच्या बाटल्या, पाण्याचा तांब्या, ग्लास. भोंग्याच्या आईने त्याच टेबलावर चहा ठेवला. तपासनीसांनी चहा प्यायला, भोंग्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नशीब रे बाबा, नशीब. त्यापुढे कुणाचं चालतंय?"

नशीब! खरंच तसं वाटून ते बोलले. त्या क्षणीसुद्धा त्यांना काही आठवलं नाही. माणसाचं मन किती सोयीचं असतं!

त्यानंतर आठवडाभराने अपघातातल्या ट्रकची चाकं तपासणीसाठी कार्यशाळेत आली. हमालांनी एक चाक तपासनीसांच्या समोर आणून टाकलं. चिखल, वाळलेलं काळपट काहीतरी, पिळवटलेली कड. तपासनीसांनी नेहमीप्रमाणे ओल्या चिंध्यांनी ते पुसायला घेतलं. चिखल निघाला. खरचटलेल्या हिरव्या रंगाखाली एक पिवळा पट्टा दिसला. पट्ट्याच्या टोकाला ब्रश उचलताना उमटणारी छोटी शेपटी होती. ती त्यांच्याच हाताची सवय.

त्यांनी चिंधी पुढे सरकवली. बोल्टच्या भोकापासून चाक फाटलं होतं. फाटीच्या कडेने वेल्डरने भरलेल्या धातूची चकचकीत रेघ होती, घासून गुळगुळीत केलेली.

चिंधी हातातून गळून पडली. भरून घे आणि घासून टाक! आपलाच आवाज त्यांना ऐकू आला. तेच चाक! तोच तडा! आणि याचा जोडीदार, तो धडधाकट, सरळ जोडीदार कुठे आहे? भोंग्याच्या पलंगाशेजारी! त्याच्यावर आपण चहा प्यायलो!

"काय हो, मोडीतच ना?" शेजारचा रंगारी लाल रंगाचा डबा पुढे करत म्हणाला. "यात काय बघायचंय एवढं?"

तपासनीसांनी ब्रश घेतला. फुलीचा एक पाय ओढला, आणि दुसरा ओढायच्या ऐवजी ते त्या पिवळ्या पट्ट्यावरच बोट फिरवत राहिले. रंगाऱ्याला वाटलं, ओळखीच्या पोराची गाडी, म्हणून मन दुखावलं असेल. तो सहज बोलून गेला, "उद्या सकाळी मोठा ताफा निघतोय डोंगराकडे. आपल्याकडच्याच दुरुस्त गाड्या आहेत सगळ्या. देव करो आणि नीट पोचोत."

तपासनीसांनी ब्रश डब्यात टाकला. डोंगराकडे. आपल्याकडच्याच गाड्या. आणि गल्लीत टेबलं किती आहेत? प्रत्येक सरळ टेबलामागे एक गाडी. त्यातल्या कुठल्या गाडीवर आपण फुटक्या चाकाला पिवळा पट्टा ओढला? त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. आठवेना! इतक्या सहज ओढलेले पट्टे होते, की त्यांचं एकही चित्र डोळ्यांसमोर येईना. याचाच त्यांना सगळ्यात जास्त धक्का बसला.

प्रकृतीचं कारण सांगून ते घरी आले. दिवाणखान्यात टेबल होतं. चकचकीत काच, खाली हिरवी रिम. त्यांनी बायकोला हाक मारली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सांगताना ते एकदाही थांबले नाहीत, कारण थांबले असते तर पुढे बोलवलंच नसतं.

बायको सुन्न झाली. हातातली कात्री तिने हळूच खाली ठेवली.

"म्हणजे त्या पोराचा पाय..." मग ती म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला. सरळ असेल तर मोडीत कसं."

"मला वाटलं, मोडीतला माल आहे, कुणाचं काय जातंय..."

"मोडीतला नव्हता ना पण! तुम्ही त्याला मोडीत घातलात! अहो, माझ्याकडे कुणी चांगलं कापड दिलं, आणि मी ते शेजारणीला खूश करायला चिंध्यांत टाकलं, आणि चिंध्या जोडून गिऱ्हाइकाला सदरा शिवून दिला, तर तुम्ही मला काय म्हणाल? आणि सदरा उसवला तर माणूस उघडा पडतो. तुमच्या चाकावर माणसं बसतात!"

तपासनीस डोकं धरून बसले. "आता काय करू? साहेबांना सांगितलं तर नोकरी जाईल. चौकशी होईल. तुरुंगसुद्धा होईल कदाचित. या वयात... आपलं कसं होणार?"

बायकोचे डोळे भरून आले. भीती तिलाही होतीच, घर दोघांचं होतं. पण ती म्हणाली, "मला भीती वाटतेय, नाही असं नाही. पण उद्या सकाळी त्या गाड्यांत कुणाची तरी पोरं चढणार आहेत. ती चढेपर्यंत आपण दोघं गप्प बसलो, तर त्यानंतर मला तुमच्यासमोर ताट वाढता येईल का? सांगा!"

बायकोने टेबलावरची काच उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली. "गाडीचा क्रमांक कुठे असतो याच्यावर?"

चाकं उतरवताना ती पुन्हा त्याच गाडीला जावीत म्हणून रिमच्या आतल्या बाजूला गाडीचा क्रमांक ठोकलेला असतो. दोघांनी मिळून रिम उलटी केली. क्रमांक तिथेच होता. एवढे दिवस त्याच्यावर पाहुण्यांचे कप ठेवले गेले होते.

"चला," बायको म्हणाली. "घरोघर."

संध्याकाळच्या वेळी गल्लीने कधी न पाहिलेलं दृश्य पाहिलं. तपासनीस आणि त्यांची बायको दारोदार जात होते, आणि लोकांच्या बैठकीतली टेबलं उलटी करून क्रमांक टिपून घेत होते. आधी लोकांना गंमत वाटली. कुणी म्हणालं, "काय, परत नेताय की काय?" कुणी म्हणालं, "हलवू नका, काच फुटेल!" मग तपासनीसांनी कारण सांगितलं. घसा कोरडा पडला तरी प्रत्येक दारात त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ऐकणाऱ्यांचे चेहरे उतरत गेले. एका घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थाने टेबलावर टेकवलेले पाय झटकन असे उचलले, जणू चटका बसला!

"पण आम्हाला काय माहीत?" एक जण चिडून म्हणाला. "आम्ही तर फक्त मागितलं."

"आणि मी विचार न करता दिलं," तपासनीस म्हणाले. "माझी चूक तुमच्यावर ढकलायला आलो नाही. फक्त क्रमांक बघू द्या."

काकूंच्या टेबलाशी आल्यावर ते थबकले. त्यांनी रिम उलटी केली. कड वाकलेली, एका बाजूला बोटभर तडा. खरीखुरी मोडीतली.

"काकू," ते म्हणाले, "अख्ख्या गल्लीत तुमचं एकच टेबल खरं आहे हो! हे डुगडुगतंय म्हणून कुणाचीतरी गाडी धड आहे."

काकूंनी तोंडावर पदर घेतला. सरळ टेबलासाठी मागे लागलेल्या त्याच होत्या. "माझंही घेऊन जा रे," त्या म्हणाल्या. "मोडीतलं असलं तरी ते माझं थोडंच आहे?"

शेवटचं घर उरलं. त्या दारापाशी तपासनीसांचे पाय अडले. बायकोने त्यांचा हात धरला नाही. ती नुसती शेजारी उभी राहिली.

भोंगा उशीला टेकून बसला होता. तपासनीसांनी सगळं सांगितलं. फुली, पट्टा, वेल्डरचं बोलणं, सगळं. भोंग्याची आई हातात औषधाचा चमचा धरून तशीच उभी होती, आणि औषध चमच्यातून जमिनीवर ठिबकत होतं.

भोंगा फार हळू म्हणाला, "काका, म्हणजे मी टेबल मागितलं म्हणून?"

हा प्रश्न तपासनीसांच्या काळजात घुसला. शिव्या चालल्या असत्या. कुबडी फेकून मारली असती तरी चाललं असतं. पण हे!

"नाही!" ते जवळजवळ ओरडलेच. "तू मागितलंस. फुली मी मारली. तू कधीही, आयुष्यात कधीही, असं मनात आणायचं नाहीस!"

भोंग्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याच्या आईने चमचा ठेवला. मग ती टेबलावरच्या बाटल्या एकेक उचलून जमिनीवर मांडू लागली. तांब्या खाली ठेवला, ग्लास खाली ठेवला. काच काढली.

"हे इथून न्या," ती म्हणाली. "माझ्या पोराचं चाक म्हणून मी रोज पुसत होते."

तपासनीस वाकून तिच्या पायांना हात लावू लागले, तशी ती मागे सरली. "माफी नंतर मागा, भाऊ. देता येईल की नाही, मला माहीत नाही. आधी बाकीच्या गाड्या थांबवा."

दिवेलागणीला तपासनीस मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर पोचले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि ते लालबुंद झाले. "तुम्ही काय केलंत कळतंय का? माणसं मारायला निघाला होतात तुम्ही! लष्कराच्या चाकांची टेबलं! कुणाकुणाच्या घरी आहेत? सगळ्यांची नावं द्या!"

"दिली आहेत, साहेब. एक राहिलंय." तपासनीसांनी खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "ते तुमच्याकडचं."

साहेबांनी मान वळवली. कोपऱ्यात फुलदाणी ठेवलेलं टेबल होतं. हिरवी रिम, वर काच. गेल्या वाढदिवसाला कार्यशाळेने दिलेली भेट. साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. फुलदाणीतलं पाणी एवढंसुद्धा हलत नव्हतं! त्यांनी स्वतःच्या हाताने फुलदाणी खाली ठेवली, गुडघे टेकून रिम उलटी केली आणि क्रमांक वाचला. मग उठून फोन लावला.

ताफा थांबला. रात्रभर त्या क्रमांकांच्या गाड्यांची चाकं उतरवली गेली, रंग खरवडला गेला. बहुतेक ठीक निघाली. पण तीन गाड्यांच्या चाकांवर रंगाखाली भरलेले तडे सापडले, आणि त्यातला एक पुन्हा उघडायला लागला होता. ते पाहून वेल्डर बाहेर जाऊन रडला. बोललो होतो, पण पुन्हा का नाही बोललो, असं तो म्हणत राहिला.

तपासनीसांची चौकशी झाली. त्यांचं तपासनीसपद गेलं, बढती गेली, त्यांना खालच्या हुद्द्यावर कापणीच्या शेडमध्ये पाठवलं गेलं. स्वतःहून सांगितल्यामुळे तुरुंग टळला. साहेबांनाही उत्तर द्यावं लागलं आणि त्यांची बदली झाली. एका गाडीमागे एकच मोडीत ही वहिवाट बंद झाली. आता मोडीतलं प्रत्येक चाक फुली पडल्या दिवशीच, एका जवानाच्या नजरेसमोर कापायचं, असा हुकूम निघाला.

नागरिकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात असं एखादं टेबल आहे का, ते जरा वाकून बघा. ते चाकाचंच असेल असं नाही. कचेरीतून आणलेली एखादी वस्तू असेल, ओळखीने मिळालेली जागा असेल, रांग मोडून करून घेतलेलं काम असेल. फुकट मिळालेली चांगली वस्तू हातात आली, की एकच प्रश्न विचारा: ही चांगली आहे, तर मोडीत कशी निघाली? हिच्याऐवजी वाईट कुणाच्या वाट्याला गेली? आपल्या सोयीची किंमत कुणीतरी, कुठेतरी, मोजत असतंच. आणि 'चालून जाईल' म्हणताना एवढं तरी आठवा, की त्यावर चालून जाणारं माणूस दुसरंच कुणी असतं.

नव्या हुकुमानंतर कापणीच्या शेडमध्ये पहिलं चाक आलं ते काकूंच्या बैठकीतलं. तपासनीसांनी डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, गॅसची ज्योत पेटवली. दारात कुबड्यांवर एक माणूस येऊन उभा राहिला. लष्कराने नव्या कामावर नेमलेला जवान. तो पुढे आला, रिमची वाकडी कड त्याने हाताने चाचपली, तड्यावर बोट फिरवलं. तपासनीस मान खाली घालून थांबले. अपघातानंतर या माणसाचा आवाज कुणी नीट ऐकला नव्हता.

त्याने तपासनीसांकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि सारी शेड दणाणून जाईल असा ओरडला, "कापा, काका!"